जखम बरी, भोवतालची कातडी भाजलेली: लावणीच्या दिवसांत परत परत येणारी तक्रार

जुलैत भातलावणीला जोर आला की आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत एकाच तऱ्हेचे पाय येऊ लागतात. मालवण-देवगड पट्ट्यातल्या एका लहान दवाखान्यात मी एकोणीस वर्षं ड्रेसिंग करते आहे. सुरुवातीला मला वाटायचं, चिखलातली जखम आहे, चिघळायचीच. नीट बघायला शिकले तेव्हा कळलं, की यातल्या बऱ्याच पायांत जखम चिघळलेली नसतेच. भोवतालची कातडी औषधानं भाजलेली असते.

गेल्या पावसाळ्यातले एक काका सांगते. बांध घालताना कुदळ लागून घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दीड इंचाची चीर पडली होती. चीर स्वच्छ, कडा जुळलेल्या, पू नाही. पण तिच्याभोवती तळहाताएवढा भाग पांढराफटक, सुरकुतलेला, त्यात दोन टपोरे फोड, आणि एका बाजूची कड पट्टी लावून आखल्यासारखी सरळ.

"सिस्टर, जखमेक काय नाय, पण भोवताली आग थांबणा नाय."

काय लावलंत म्हणून विचारलं. "ता तपकिरी औषद. पाण्यात घातल्यार दुधासारख्या होता, ता." पाण्यात घातलं होतंत का? "नाय गो बाय, तसाच. पाणी घातलंय तर जोर खंय रवतलो?" कापूस त्यात चिंब भिजवून जखमेवर ठेवला, वर पट्टी, चिखल जाऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवी सुटू नये म्हणून घोट्याच्या वर सायकलच्या ट्यूबचा घट्ट वेढा. सकाळी आठला बांधलं ते संध्याकाळी मळ्यातून आल्यावर सोडलं. कापूस चौकोनी कापला होता, म्हणून भाजलेल्याची कड सरळ.

औषध दाट, कापूस ओला, आणि वर बंद झाकण. यांतलं एखादंच असेल तर कातडी बहुतेक वेळा सोसते. तिन्ही जमले आणि सात-आठ तास गेले की ती हरते. आपल्याकडे पावसात ते तिन्ही जमतात, म्हणून ही तक्रार दरसाल येते.

आत्ता आग होतेय? मग आधी धुवा

पट्टी, कापूस, पिशवी, सगळं काढा. चिकटलं असेल तर ओढू नका, पाण्याखाली धरून सुटू द्या. मग वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस मिनिटं म्हणते, कारण अंदाजानं धुणारा माणूस तीन मिनिटांत दमतो. बादलीत पाय बुडवून बसू नका, तेच औषध पाण्यात उतरून पायाभोवती फिरत राहतं. तांब्यानं ओतत राहा किंवा नळाखाली धरा. पागोळीचं पाणी नको, विहीर गढूळ झाली असेल तर तेही नको. पण आग फार असेल आणि दुसरं पाणी हाताशी नसेल, तर जे स्वच्छ दिसतंय ते वापरा, उकळून गार होण्याची वाट बघत बसू नका.

औषध लावून चार तास उलटले असले तरी धुवा. कापसात आणि कातडीच्या सुरकुत्यांत ते शिल्लक असतंच.

भुकटीसारखं कोरडं काही पडलं असेल, चुना किंवा विहिरीत टाकायची टीसीएल पावडर, तर पाणी घालण्याआधी कोरड्या फडक्यानं झटकून टाका. ओलावा लागला की ती जास्त भाजते. आम्लाला सोडा, चुन्याला लिंबू असले शाळेतले प्रयोग कातडीवर करू नका. त्यातून उष्णता निघते, आणि एका भाजण्याची दोन होतात.

धुतल्यावर कापडानं टिपून घ्या, चोळू नका. फोड फोडू नका. मेडिकलमध्ये मेणाळ जाळीची पट्टी मिळते, पॅराफिन गॉज म्हणून मागा. ती नसेल तर स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाला व्हॅसलीनचा हात फिरवून ते ठेवा, वर कोरडं गॉज, सैल पट्टी. टूथपेस्ट, हळद, शेण, कॉफी, बर्फ यांतलं काहीही नको. आणि ज्या औषधानं भाजलं ते "आता जरा कमी" म्हणून पुन्हा लावू नका. हे हास्यास्पद वाटेल, पण दर वर्षी दोघं-तिघं तरी लावून येतात, कारण त्यांना वाटतं की जखम पसरते आहे.

पण हे भाजलंच आहे कशावरून?

इथे गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. लाल दिसलं की लोक "पिकलं" म्हणतात आणि औषधाचा हात आणखी जड करतात.

भाजलेल्याचा आकार औषधाचा असतो. कापूस जेवढा, पट्टी जेवढी, ओघळ जिकडे गेला तिकडे. मी तर पाय बघून सांगते की माणूस औषध ओतताना बसला होता की उभा. ओघळ टाचेकडे गेला की बोटांकडे, त्यावरून. लावल्यापासून काही तासांत किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सुरू होतं, आग आणि चुरचुर असते, कातडी पांढरी, लाल किंवा तपकिरी पडते, कड स्पष्ट दिसते, ताप नसतो.

पिकलेल्या जखमेचं दुखणं वेगळं. तिथे ठणका असतो, रात्री वाढणारा. सूज जखमेपासून सुरू होऊन बाहेर पसरते, हात लावला तर गरम लागतं, पू येतो, वास येतो. जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ दुखते. पायावरून वर लाल रेघ चढताना दिसली तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.

तिसरी गोष्ट ॲलर्जी. तिच्यात आगीपेक्षा खाज जास्त, बारीक पुरळ किंवा पाण्याचे दाणे, आणि ते औषध लागलेल्या जागेच्या बाहेरही पसरतं. बहुधा एक ते तीन दिवसांनी उठतं. पहिल्यांदा लावलं तेव्हा काही झालं नव्हतं म्हणून औषध निर्दोष ठरत नाही. शरीर ते ओळखायला शिकलं की मग उठतं. निओमायसिन असलेली पावडर आणि मलमं, नायट्रोफ्युराझोनचं मलम, ही त्यातली नेहमीची नावं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात असतात.

आणि चौथं, नुसतं भिजलेलं. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत: पांढरी, फुगलेली, सोलणारी कातडी. औषध लावलेलंच नसेल आणि पाय रात्री कोरडा ठेवल्यावर सकाळी बराचसा सुधारला, तर ते भाजलेलं नव्हे. पण चिखल्या झालेली कातडी आधीच अर्धी मेलेली असते. तिच्यावर तेच औषध दुप्पट लागतं.

खात्री होत नसेल तर बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ आखा आणि तारीख-वेळ लिहा. भाजलेलं असेल तर धुतल्यानंतर लाली रेघेच्या आत राहते, ओसरायला लागते. पिकत असेल तर रेघ ओलांडते. डॉक्टरलाही ही रेघ फार उपयोगी पडते. फोनवर फोटो पाठवणाऱ्यांनी तर ती आखावीच.

प्लास्टिकची पिशवी

सगळ्यात जास्त भाजणं याच्यामुळे, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

अँटिसेप्टिक लावलं की त्यातलं पाणी आणि अल्कोहोल उडून जावं, असं गृहीत धरलेलं असतं. पोविडोन आयोडीनचा पातळ हात दिला तर एक-दोन मिनिटांत वाळतो आणि कातडीवर तपकिरी पापुद्रा राहतो. तो सहसा त्रास देत नाही. तेच औषध कापसात ओलं ठेवून वर प्लास्टिक बांधलं तर ते वाळतच नाही. खाली घाम साचतो, कातडी भिजून मऊ होते, आणि मऊ कातडीतून औषध आत जायला वाट मिळते. त्यात चालताना होणारं घर्षण आणि पट्टीचा दाब.

हा अडाणीपणा आहे असं कोणी म्हणू नये. मोठ्या ऑपरेशन थिएटरांतसुद्धा हेच घडतं. पोट किंवा कंबर रंगवताना औषध ओघळून रुग्णाच्या पाठीखाली, कुल्ल्याखाली साचतं, माणूस भूल देऊन तीन-चार तास तसाच पडून असतो, आणि नंतर तिथे भाजलेला चट्टा निघतो. हातापायाच्या ऑपरेशनला रक्त थांबवायला जो टर्निके बांधतात त्याच्या पट्ट्याखाली औषध झिरपलं तरी तेच. वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची वर्णनं छापलेली आहेत. आमच्या काकांची सायकलची ट्यूब म्हणजे घरगुती टर्निकेच की. शिवाय आयोडीनच्या रंगाखाली लाली दिसत नाही. पट्टी सोडल्यावर आधी रंग पाण्यानं धुवा, मग निवाडा करा.

मग चिखलात जायचं कसं? दोन-तीन दिवस जाऊ नका हे उत्तर मी देते आणि कोणी ऐकत नाही. तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटून ठेवलेला असतो, माणसं सांगून ठेवलेली असतात, पाऊस थांबत नाही. मला ते कळतं, माझ्या माहेरीही मळा आहे. तेव्हा जायचंच असेल तर असं करा. सकाळी जखम उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडी करा, अँटिसेप्टिक लावू नका. वर कोरडं गॉज आणि त्यावर मेडिकलमध्ये मिळणारी पारदर्शक वॉटरप्रूफ चिकटपट्टी. मग गमबूट. दुपारी जेवायला आलात की सगळं काढून धुवायचं, कोरडं करायचं, पडवीत अर्धा तास पाय वर करून बसायचं. पुन्हा जायचं असेल तर नवी पट्टी. औषध लावायचंच असेल तर रात्री घरी आल्यावर, पातळ हात, वाळू द्यायचा, वर फक्त कोरडं गॉज. दिवसा झाकण, रात्री औषध. दोन्ही एका वेळी नाही.

लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, धास्ती मी समजू शकते. सिंधुदुर्गात ती खरीच आहे. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातले जंतू चिरेतून, चिखल्यांतून शिरतात. पण पिशवीतल्या भिजक्या कापसानं ते अडत नाहीत, पिशवीत पाणी शिरतंच. अडवतो तो बूट. आरोग्य खात्याकडून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात त्या कशा घ्यायच्या हे आरोग्य सेविकेला किंवा डॉक्टरला विचारा. गरोदर बाईनं आणि लहान मुलांसाठी तर न विचारता घेऊच नका. मळ्यात गेल्यानंतर पुढच्या दोनेक आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर जखम बरी असली तरी डॉक्टरला "मी लावणीला होतो" हे वाक्य आवर्जून सांगा.

"झोंबलं म्हणजे लागू पडलं"

या समजुतीनं जेवढी कातडी जाळली आहे तेवढी चुलीनं जाळली नसेल. झोंबणं म्हणजे तुमच्या उघड्या नसा ओरडतायत, जंतू मरताना तुम्हाला काही ऐकू येत नाही.

दुधाळ होणाऱ्या तपकिरी औषधात क्लोरोझायलेनॉल 4.8 टक्के असतं, सोबत तो ओळखीचा वास देणारं टर्पिनिऑल आणि अल्कोहोल. ते पाण्यात मिसळून वापरण्यासाठीच बनवलेलं असतं. जखमेसाठी साधारण वीस भागांत एक भाग, म्हणजे चहाचा एक चमचा औषध आणि सगळं मिळून अर्धा पेला पाणी. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण शेवटचं माना. अंघोळीच्या पाण्याचं प्रमाण वेगळं, फरशीचं वेगळं. पाणी घातल्यानं त्याचा जोर जात नाही. न घातल्यानं तुमच्या पेशी मात्र जातात. क्लोरहेक्सिडिन आणि सेट्रिमाइडचं पिवळसर औषधही बहुधा पातळ करूनच वापरायचं असतं. ते डोळ्यात आणि कानात अजिबात जाता कामा नये.

दुसरी कथा फेसाच्या औषधाची. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर टाकलं की फसफसतं आणि घरातले सगळे समाधानानं बघतात: "बघ, किती घाण होती!" तो फेस घाणीचा नसतो. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं, ते पेरॉक्साइड फोडून प्राणवायू मोकळा करतं. अगदी निर्मळ जखमेवरही तेवढाच फेस येईल. रोज टाकत राहिलात तर जखम भरून आणणाऱ्या कोवळ्या पेशीच मरतात, आणि मग "तीन आठवडे झाले तरी भरत नाही" म्हणून लोक येतात. बाटलीवर कधी टक्के, कधी व्हॉल्यूम लिहिलेलं असतं: 3 टक्के म्हणजे 10 व्हॉल्यूम, 6 टक्के म्हणजे 20 व्हॉल्यूम. मेडिकलमध्ये बऱ्याचदा 6 टक्क्यांची मिळते. खोल, तोंड लहान असलेल्या जखमेत तर ते कधीच घालू नये. आत कोंडलेला वायू रक्तात शिरू शकतो, आणि ते जिवावर बेततं.

पोविडोन आयोडीनच्या दोन बाटल्या सारख्याच दिसतात, हे मात्र खरंच फसवं आहे. एक सोल्यूशन, एक स्क्रब. स्क्रबमध्ये साबण असतो. ते शस्त्रक्रियेआधी धडधाकट कातडी आणि हात धुण्यासाठी आहे आणि नंतर धुऊन टाकायचं असतं. जखमेत ते ठेवून वर पट्टी बांधली तर जखम जळणारच. लेबलवर 7.5 टक्के आणि स्क्रब हा शब्द दिसला तर बाटली परत करून 5 किंवा 10 टक्क्यांचं सोल्यूशन मागा. थायरॉइडचा आजार असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी मोठ्या जखमेवर रोज आयोडीन लावण्याआधी डॉक्टरला विचारावं, ते कातडीतून रक्तात जातं.

तान्ह्या बाळाच्या कातडीवर स्पिरिट, अँटिसेप्टिक काहीच नको. नाळ कोरडी ठेवायची, एवढंच. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांची कातडी क्लोरहेक्सिडिननं भाजल्याच्या घटनांवरून ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी 2014 मध्ये रुग्णालयांना सावध केलं होतं. तिथे प्रशिक्षित हातांनी हे झालं, तर आपण घरी आजीबाईच्या बटव्यातून धाडस करायचं कारण नाही.

जांभळे खडे

पूर्वी विहिरीत टाकायचे ते पोटॅशियम परमँगनेटचे खडे अजून काही घरांत डबीत असतात. चिखल्यांवर, गळणाऱ्या फोडांवर डॉक्टर त्याचं पाणी सांगतात, पण ते दहा हजारांत एक भाग असतं. एक ग्रॅम दहा लिटरला. घरच्या डोळ्यांना कळेल असं सांगायचं तर पाणी फिकट गुलाबी दिसलं पाहिजे. वांग्याच्या सालीसारखं दिसलं तर ओतून द्या. न विरघळलेला एक खडा बोटांच्या बेचक्यात अडकला की तिथे तपकिरी-काळा खळगा पडतो, आणि तो खोल जातो. दुसऱ्या भांड्यात विरघळवून, फडक्यातून गाळून मगच पाय बुडवा. खडे ग्लिसरीन किंवा स्पिरिटच्या बाटलीशेजारी ठेवू नका, एकत्र सांडले तर पेट घेऊ शकतात.

औषधच नसलेली औषधं

चुना पाण्यात कालवला की त्याचा पीएच 12 च्या वर जातो. मुरगळलेल्या पायावर हळद-चुन्याचा लेप लावतात तेव्हा कातडी अखंड असते, तरीही कधी कधी फोड येतात. उघड्या जखमेवर तो लावणं म्हणजे क्षारानं भाजून घेणं, आणि क्षाराचं भाजणं आम्लापेक्षा खोल उतरतं. फिनेल जनावरांच्या जखमेतल्या किड्यांवर ओतायची सवय आहे म्हणून माणसाच्या पायावर ओतू नका. जनावराच्या डॉक्टरांनाही ते आवडत नाही.

काजू आणि बिब्बा हे आपले खास. दोघं आंब्याच्याच कुळातले. काजूच्या टरफलातलं तेल आणि बिब्ब्याचा काळा रस दोन्ही कातडी सोलून काढतात. एकदा एका वहिनींचा तळहात बघून मी अँटिसेप्टिकला दोष देत बसले होते. मग बोलता बोलता निघालं की त्या काजूच्या बिया फोडायला जातात, हाताला चीक लागून कातडी आधीच गेलेली होती, आणि त्यावर त्यांनी स्पिरिट चोळलं होतं. टाचेच्या भेगांत बिब्बा घातला आणि दोन दिवसांनी पाय सुजून फोडांनी भरला, तर त्याला आपल्याकडे बिब्बा उतला म्हणतात. त्यावर अँटिसेप्टिक ही आगीत तेल ओतण्याची गत. तेव्हा तुमच्या दवाखान्यातल्या सिस्टरला काय काय लावलं ते सगळं सांगा. आम्ही हसत नाही. फार तर बाहेर गेल्यावर हसतो.

मग जखमेला लावायचं तरी काय?

खरचटलं, चिऱ्यावर सोललं, खडपावर कालवं काढताना पाय कापला, कोयती निसटली: पहिलं औषध पाणी. भरपूर. पिण्याजोग्या पाण्यानं धुतलेल्या साध्या जखमा सलाइननं धुतलेल्यांपेक्षा जास्त पिकत नाहीत, हे तुलना करून पाहिलेलं आहे. घरी सलाइन हवंच असेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे. वाळू, शिंपल्याची कच आत असेल तर सुई काढलेल्या 20 मिलीच्या सिरिंजनं पाण्याची धार मारा. कच गेली नाही तर वरून कुठलंही औषध लावलंत तरी ती जखम पिकणार. अँटिसेप्टिक लावायचं ते पहिल्या एक-दोन दिवसांत, पातळ, वाळू देऊन. भरत आलेल्या गुलाबी जखमेला त्याची गरज नसते. धनुर्वाताचं इंजेक्शन मळक्या जखमेसाठी पाच वर्षांच्या आत झालेलं नसेल तर घ्या.

अँटिसेप्टिकच्या बाबतीत एक अपवाद आहे. कुत्रा, मांजर, माकड चावलं तर साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, त्यानंतर पोविडोन आयोडीन लावाच, आणि त्याच दिवशी लशीसाठी जा. तिथे तिखट, चुना, हळद भरणारे अजून आहेत.

जाता जाता एक गोष्ट सांगते, आमच्या धंद्यातली. 1889-90 च्या हिवाळ्यात अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या सिस्टर होत्या. थिएटरमध्ये हात धुवायला मर्क्युरिक क्लोराइडचं पाणी असे, त्यानं त्यांच्या हातांची सालं निघाली. त्या काम सोडतील म्हणून सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. पुढे त्यांनी त्यांच्याशी लग्नही केलं. आज जगभर डॉक्टर जे हातमोजे घालतात त्यांची सुरुवात एका सिस्टरचे हात अँटिसेप्टिकनं भाजले म्हणून झाली. मी रोज मोजे चढवताना हे आठवते असं नाही, पण जुलैत आठवतंच.

कधी घरी थांबायचं नाही

डोळ्यात गेलं असेल तर धुत धुतच निघा. चेहरा, गुप्तांग, हाताचा पंजा, सांधा भाजला असेल. भाग तळहातापेक्षा मोठा असेल. कातडी पांढरी किंवा काळी, चामड्यासारखी कडक झाली असेल. लहान मूल असेल, तर त्याच दिवशी दाखवा. रात्री वाहन नसेल तर 108. बाटली सोबत न्या, "तपकिरी औषध" एवढ्यावर डॉक्टर काय करणार?

भाजलेल्या जागी दुखतच नसेल तर आनंद मानू नका. एक तर ते खोल आहे, नाहीतर साखरेच्या आजारानं पायाची जाणीव गेलेली आहे. मधुमेहाचे रुग्ण पायाला आग नाही म्हणून दोन-दोन दिवस तीच भिजकी पट्टी ठेवतात. माझ्या हातून गेलेले सगळ्यात वाईट पाय त्यांचेच. साखर असेल तर पट्टी दिवसातून एकदा सोडून डोळ्यांनी बघायची, तळवा दिसत नसेल तर आरसा धरून किंवा घरातल्या कोणाला तरी दाखवून. खाऱ्या पाण्यात झालेली जखम काही तासांत वेगानं सुजली, जांभळे फोड आले आणि माणसाला साखर किंवा यकृताचा आजार असेल, तर ती तातडीची गोष्ट आहे.

वरवरचं भाजलेलं एक ते दोन आठवड्यांत भरतं. तीन आठवडे होऊनही कातडी धरली नाही तर सर्जनना दाखवायचं.

आमच्या काकांचं सोळाव्या दिवशी भरलं. गणपतीच्या आधी ते पुन्हा आले, या वेळी पाय दाखवायला नव्हे, मखरासाठी शिडीवर चढावं का विचारायला. घोट्याला चौकोनी काळपट डाग राहिला होता, एका बाजूनं अजूनही तसाच सरळ. "ह्यो डाग जातलो मा?" जाईल म्हटलं, पण काही महिने लागतील, उन्हात झाकून ठेवा, कातडी पुरती धरली आहे तेव्हा खोबरेल लावायला हरकत नाही. "आणि ता तपकिरी औषद?" ते फडताळात राहू दे, शेजारी चहाचा चमचा आणि एक पेला ठेवा.